‘गोड प्रेमकथा द्या’ म्हणणाऱ्या वाचकासाठी : ग्रंथपालांना खुलं पत्र

ग्रंथपाल, देवघेव विभागातले सहकारी आणि ग्रंथनिवड समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

देवघेवीच्या टेबलाशी येऊन एखादी वाचक आवाज जरा खाली आणून म्हणते, ‘काहीतरी गोड प्रेमकथा द्या ना, मन हलकं होईल अशी.’ तिच्या हातात पुस्तक पडतं. मुखपृष्ठावर दोघं हातात हात घालून उभी, मागच्या मजकुरात ‘अविस्मरणीय प्रेमकहाणी’. दोनशेव्या पानावर नायकाला खोकला सुरू होतो आणि दोनशे ऐंशीव्या पानावर तो जातो. पुस्तक वाईट नसतं, कदाचित फार चांगलंही असतं. देणाऱ्याची चूकही समजण्यासारखी आहे, कारण मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर दोन्ही हेच सांगत होते. पण मागितलं होतं ते हे नव्हे. ती वाचक बहुधा तक्रार करत नाही. फक्त पुढच्या वेळी विचारत नाही.

हे पत्र त्या टेबलावरच्या दोन मिनिटांबद्दल आहे. ऊबदार, सुखान्त प्रेमकादंबऱ्या आम्ही वाचतो, एकमेकांना सुचवतो, आणि ही शिफारस नेमकी कुठे घसरते ते आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. आमचं म्हणणं इतकंच आहे की या पुस्तकांचा सुखाचा शेवट हा त्यांचा दोष समजू नका. तो लेखक आणि वाचक यांच्यातला करार आहे, आणि पुस्तक देणारा त्या करारातला मध्यस्थ असतो.

सुरुवात व्याख्येपासून करू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. प्रेम असलेली कादंबरी वेगळी आणि प्रेमकादंबरी वेगळी. अमेरिकेतल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखक-संघटनेनं तिच्या दोन अटी सांगितल्या आहेत : प्रेमकथा केंद्रस्थानी हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. पहिली अट तपासायची युक्ती सोपी आहे. दोघांचं प्रेम कथेतून उचलून बाजूला ठेवून पाहा. उरलेली गोष्ट आपल्या पायावर उभी राहत असेल, म्हणजे युद्ध, खून, घराण्याचा इतिहास असं काही शिल्लक राहत असेल, तर ती प्रेमकादंबरी नाही. सगळंच कोसळलं तर आहे. दुसऱ्या अटीला युक्ती लागत नाही, शेवटचं प्रकरण वाचलं की झालं. सुखाचा शेवट म्हणजे लग्नच, असंही नाही. ‘आत्ता तरी आपण एकत्र आहोत आणि पुढचं बरं दिसतंय’ एवढ्यावर संपणाऱ्या कादंबऱ्याही करारात बसतात. मात्र काही वाचकांना तेवढं पुरत नाही. शेवटी काही वर्षांनंतरचं एखादं छोटं प्रकरण, भरलेलं घर वगैरे, त्यांना हवंच असतं. विचारून घ्यावं.

‘शेवट ठरलेला असेल तर वाचायचं कशाला?’ हा आक्षेप आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर पाठ झालंय. रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठरलेलंच असतं, म्हणून कुणी रहस्यकथा खाली ठेवत नाही. इथे प्रश्न ‘काय होणार’ हा नसतो, ‘या दोघांचं कसं काय जमणार’ हा असतो. पामेला रेजिस यांनी 2003 च्या आपल्या अभ्यासग्रंथात प्रेमकादंबरीचे आठ घटक मांडले : दोघं ज्यात राहतात त्या समाजाची चौकट, भेट, अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, उमज, आणि एकमेकांना दिलेलं वचन. क्रम मागेपुढे होतो, एखादा घटक दोनदाही येतो. पण कादंबरी चाळताना हे आठ शब्द मनात ठेवले तर ती कुठे लंगडते हे पटकन दिसतं. आमच्या अनुभवात ती दोनच ठिकाणी लंगडते : अडथळ्यात आणि उमजेत.

अडथळा खरा हवा. एका खोलीत बसून दोन मिनिटं सरळ बोलल्यावर जो मिटला असता, तो अडथळा नव्हे, तो लेखकानं वेळ काढलेला असतो. तिनं त्याला दुसऱ्या बाईबरोबर पाहिलं, ती निघून गेली, आणि शंभर पानांनी कळलं की ती त्याची बहीण होती. इथे वाचक चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त आहे. चांगला अडथळा माणसाच्या आतून येतो : एकानं ठरवलेलं असतं की कुणावर विसंबायचं नाही, दुसऱ्याला सवय असते सगळ्यांचं सगळं करायची. बोलूनही तो सुटत नाही, वागणं बदलावं लागतं. उमजेचंही तेच. दुरावा बहुतेक वेळा पुस्तकाचा तीन चतुर्थांश भाग उलटल्यावर येतो. त्यानंतर उरलेल्या पानांत चुकलेल्या माणसानं काहीतरी करून दाखवायला हवं. पावसात भिजत येऊन केलेलं लांबलचक भाषण म्हणजे करून दाखवणं नाही.

आता ‘ऊबदार’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळ्या सुखान्त प्रेमकादंबऱ्या ऊबदार नसतात. शेवट गोड असूनही मधली अडीचशे पानं अपमान, पाठलाग आणि दहशतीची असू शकतात. त्यांचाही वाचक आहे. पण टेबलाशी ‘मन हलकं होईल असं’ म्हणणारा तो नव्हे. ऊब कुठून येते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका कादंबरीत घड्याळं दुरुस्त करणारा एक अबोल माणूस आहे आणि त्याच्याकडे आजीचं बंद पडलेलं टोल्यांचं घड्याळ घेऊन येणारी एक शिक्षिका. तिसऱ्या प्रकरणात ती सहज बोलून जाते की रात्री बाराचे टोले पडले की लहानपणी तिला दचकायला व्हायचं. बस, एक वाक्य. गोष्ट पुढे जाते. बाराव्या प्रकरणात घड्याळ दुरुस्त होऊन घरी येतं, त्या रात्री बारा वाजतात आणि टोले पडत नाहीत. सकाळी सात वाजता मात्र व्यवस्थित सात पडतात. त्यानं रात्रीचे टोले बंद ठेवण्याची सोय करून दिलेली असते आणि तिला सांगितलेलंही नसतं. ऊब ती हीच. कुणीतरी आपलं ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि त्याचा गाजावाजा केला नाही. याच जागी कमी ताकदीचा लेखक नायकाकडून महागडी भेटवस्तू आणवतो, आणि वाचकाला काहीच वाटत नाही.

म्हणून ऊबदार कादंबरी ओळखायची ती घटनांच्या आकारावरून नव्हे, लक्ष देण्याच्या पोतावरून. आणखी काही खुणा आहेत. आजूबाजूची माणसं, म्हणजे शेजारी, भावंडं, म्हातारे, सहकारी, ही नुसती सजावट नसतात, त्यांना स्वतःचं काम आणि मतं असतात. दुष्ट पात्र असलंच तर फार मोठं नसतं. नायक-नायिकेला पोटापाण्याचा उद्योग असतो आणि तो पानांवर प्रत्यक्ष दिसतो. विनोद असतो, पण तो कुणाला खाली पाडून केलेला नसतो. आणि हे कमी लोक बोलून दाखवतात : दोघंही प्रेमाशिवायही बरी माणसं असतात.

तर टेबलाशी विचारायचं काय? ‘तुम्हाला कशा प्रकारची पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही, मग ते ‘काहीही चालेल’ म्हणतात. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी 1989 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतल्या वाचक-सल्लासेवेवर पुस्तक लिहिलं, त्यातली दिशा आजही उपयोगी आहे : विषय विचारण्यापेक्षा पुस्तकाचं काय भावलं ते विचारा, म्हणजे गती, माणसं, कथानकाची घडण, वातावरण. प्रत्यक्षात ते एका वाक्यात होतं : ‘अलीकडे आवडलेलं एखादं पुस्तक सांगा, आणि त्यात काय आवडलं तेही.’ मग गप्प बसून ऐका. ‘तिची आजी काय भारी होती’ असं उत्तर आलं तर वाचकाला भोवतालची माणसं हवी आहेत, प्रेमकथेचा साचा कुठलाही चालेल. ‘दोघांची भांडणं मस्त होती’ म्हणाले तर संवाद हवेत. ‘एका रात्रीत संपवलं’ म्हणाले तर गती. आणि ‘तिथं जाऊन राहावंसं वाटलं’ म्हणाले तर जागा, मग ती जागा बेट असो की पुस्तकांचं दुकान.

यानंतर एक उलटा प्रश्न : ‘काय नको?’ याचं उत्तर लोक झटकन आणि नेमकं देतात. मूल आजारी असलेलं नको. फसवणूक नको. नायक अरेरावी करणारा नको. कुत्रा मरायला नको. (या शेवटच्यावर हसू नका. कादंबरीत माणूस गेला तर चालतो पण कुत्रा गेला तर चालत नाही, असे वाचक भरपूर आहेत.) ऊबदार म्हणून मिरवणाऱ्या कादंबऱ्यांत कथेची सुरुवात पुष्कळदा एखाद्या मृत्यूनंतर होते : नायक विधुर असतो, नायिकेला वारशात घर मिळालेलं असतं. हे दुःख कथेआधीचं असतं, त्यामुळे करार मोडत नाही, पण नुकतंच कुणाला गमावलेल्या वाचकाला ते आधी सांगायलाच हवं.

मग येतो तो प्रश्न जो विचारायला दोन्ही बाजू लाजतात : शरीरप्रणय किती? यासाठी आम्ही दाराची भाषा वापरतो, ती तुम्हीही घ्या, अवघडलेपण जातं. ‘उंबऱ्यापर्यंत’ म्हणजे चुंबनापुढे काही नाही. ‘दार लागतं’ म्हणजे दोघं खोलीत जातात आणि पुढचं प्रकरण सकाळी उघडतं. ‘दार उघडं’ म्हणजे सगळं पानावर आहे. ‘दार लागतं की उघडं चालेल?’ एवढं विचारलं की वाचक हसतो आणि सांगून टाकतो. मुखपृष्ठावरून अंदाज मात्र बांधू नका. चित्रकथेसारखी रंगीत, निरागस रेखाटनं असलेल्या कित्येक कादंबऱ्यांत दार सताड उघडं असतं. आणि ऊबेचा दाराशी संबंध नाही, दार उघडं असूनही ऊबदार आणि बंद असूनही थंडगार अशी दोन्ही प्रकारची पुस्तकं आहेत. वाचकाचं वय किंवा पेहराव बघून हे परस्पर ठरवणं तर अजिबात नको.

साच्यांबद्दल थोडं, कारण वाचक साच्याच्या नावानं मागतात आणि तिथेही पाय घसरतो. शत्रुत्वातून प्रेम मागणाऱ्याला ऊब हवी असेल तर भांडण कामावरून किंवा मतावरून झालेलं निवडा. एकानं दुसऱ्याचा जाहीर अपमान केला असेल तर शेवट गोड होऊनही तोंड कडूच राहतं. मैत्रीतून प्रेम सुरक्षित वाटतं, पण यात गती संथ असते आणि अडथळा कमजोर पडण्याचा धोका सर्वांत जास्त. जुन्या प्रेमाला दुसरी संधी हा साचा दिसतो तितका हलका नाही : अर्धं पुस्तक भूतकाळात जातं आणि पहिल्या वेळी जे तुटलं त्याचा हिशेब नीट चुकता झाला नाही, तर वाचक नायिकेला मनातल्या मनात ‘जाऊ नकोस’ म्हणत राहतो. नाटकी नातं, म्हणजे जगासाठी जोडपं असल्याचं सोंग, हे नवख्या वाचकाला द्यायला सर्वांत सोपं. विनोद आपोआप येतो आणि अडथळा पहिल्या पानापासून तयार असतो.

मालिकांची एक वेगळी डोकेदुखी आहे. बहुतेक ऊबदार मालिकांत प्रत्येक पुस्तकात जोडपं नवं असतं : चार भावंडं, चार पुस्तकं. मधलं कुठलंही आधी वाचलं तरी गोष्ट कळते, फक्त आधीच्यांची लग्नं झालेली दिसतात. पण काही मालिकांत एकच जोडपं तीन पुस्तकं चालतं आणि पहिलं पुस्तक ताटातुटीवर संपतं. असं पहिलं पुस्तक एकटं देणं म्हणजे सुरुवातीला सांगितलेलीच फसवणूक. तिन्ही कपाटात असतील तर एकदम द्या, नसतील तर निदान सांगून द्या. समितीला विनंती ही, की मालिकेतला हरवलेला दुसरा भाग नव्या पुस्तकाच्या आधी मागवावा.

आपण स्वतः न वाचलेलं पुस्तक द्यायची वेळ रोजच येते. त्यासाठी दहा मिनिटं पुरतात. पहिली पाच पानं वाचा, आवाज कळतो. मग साधारण मधलं पान उघडून दोघांमधला एखादा संवाद शोधा. ती दोघं एकमेकांना उत्तर देतायत की नुसती आळीपाळीनं बोलतायत, ते पाहा. मग तीन चतुर्थांशाच्या आसपास दुरावा कशावरून येतो ते चाळा. आणि शेवटची दोन पानं पूर्ण वाचा. शेवट आधी वाचणं हे पाप आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जॅनिस रॅडवे यांचा 1984 चा अभ्यास पाहावा. त्यांनी ज्या वाचक स्त्रियांशी बोलून तो केला, त्यांच्या लेखी चांगल्या प्रेमकादंबरीत सर्वांत महत्त्वाचा होता तो सुखाचा शेवट. त्या गटाच्या मध्यभागी होती पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक बाई. ती नवी पुस्तकं वाचून त्यांची वर्गवारी करायची, आणि कुठलं घ्यावं, कुठलं टाळावं ते गिऱ्हाइकांना कळवायची. तिचा शब्द चालायचा. तुमचाही चालू शकतो.

शिफारशीची चिठ्ठी लावत असाल तर विशेषणं गाळा. ‘मनाला भिडणारी, हळवी, अविस्मरणीय प्रेमकहाणी. जरूर वाचा.’ ही चिठ्ठी कुठल्याही पुस्तकावर चिकटते, म्हणून निरुपयोगी आहे. वरच्या काल्पनिक घड्याळाच्या कादंबरीची चिठ्ठी आम्ही अशी लिहू :

‘अबोल घड्याळजी आणि बोलकी शिक्षिका. गती संथ, पहिली चाळीस पानं धीर धरा. संवाद छान, विनोद बेताचा. दार लागतं. तिची आजी कथेआधी गेलेली, आठवणी वारंवार येतात. कुत्रा सुखरूप. शेवट सुखाचा, वर्षभरानंतरच्या प्रकरणासह. भोवतालची माणसं भली लागतात त्यांना द्या.’

यात एकही कौतुकाचा शब्द नाही, तरी कुणी घ्यावं आणि कुणी घेऊ नये हे दोन्ही कळतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1931 च्या पाच सूत्रांतलं चौथं आपण सगळे जाणतो, वाचकाचा वेळ वाचवा. अशी चिठ्ठी तेच करते.

आणि नाहीच आवडलं तर? पुस्तक अर्धवट सोडायची मोकळीक तोंडानं द्या. नॅन्सी पर्ल या ग्रंथपालांचा नियम सोयीचा आहे : पन्नास पानं वाचून बघा. वय पन्नाशीपुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करा, उरलेली तेवढीच पानं. छोट्या, पावणेदोनशे-दोनशे पानांच्या प्रेमकादंबऱ्यांना आम्ही ही मर्यादा तीसवरच आणतो, कारण तिथे तोवर दोघांची भेट होऊन अडथळाही पुढ्यात आलेला असायला हवा. नसेल, तर लेखकाला घाई नाही आणि वाचकानं थांबायचं कारण नाही. न वाचता परत आलेलं पुस्तक म्हणजे चुकलेली शिफारस नव्हे, ‘कुठे सोडलंत?’ एवढं विचारलं तर पुढची शिफारस नेमकी होते.

समितीसाठी दोनच गोष्टी. ही पुस्तकं देणगीत येतात तेवढीच ठेवायची आणि खरेदीचा पैसा ‘गंभीर’ पुस्तकांसाठी राखायचा, ही रीत सोडा. देणगीत येतं ते कुणाला तरी नको झालेलं असतं, त्यातून निवड होत नाही. दुसरं, वाचकाला ‘आता जरा चांगलं काहीतरी वाचा’ म्हणून वरच्या पायरीवर चढवायचा मोह आवरा. जेन ऑस्टिन यांची 1813 मधली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी आठ घटकांच्या कसोटीला चोख उतरते, तिचा शेवट सुखाचा आहे आणि तिला कुणी खालच्या पायरीवर ठेवत नाही. पायरीच नाही, तर चढवायचं कुठे?

मांडणीचं फार नाही. प्रेमकादंबऱ्यांचं वेगळं कपाट केलंत तर ते टेबलासमोर नको, जरा आडोशाला असू द्या, लोक जास्त वेळ चाळतात. वेगळं कपाट नसेल तर पुठ्ठ्याच्या कण्यावर छोटी रंगीत पट्टी पुरे.

राहिली निगा. ही पुस्तकं हातोहात फिरतात आणि बरीचशी नुसत्या गोंदानं बांधलेली असतात. गोंद वाळून कडक झाला की कणा तडकतो आणि कडेची पानं, म्हणजे पहिली आणि शेवटची, लवकर सुटी होतात. इतर पुस्तकांत एखादं पान गेलं तर वाचक चालवून घेईलही. इथे मात्र परत आलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात लावण्याआधी मागून उघडून बघा. शेवटचं पान जागेवर नसेल तर ते बांधणीकडे पाठवा किंवा बाद करा, पण त्या दिवशी कुणाच्या हातात देऊ नका.

आपले,
प्रेमकादंबऱ्या वाचणारे आणि सुचवणारे काही वाचक